लॉसन-पॅटरसन वादाला ‘कलगीतुरा’ म्हणावं का?

ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या एका वाचनगटाचा प्रश्न आहे. हेन्री लॉसन आणि बँजो पॅटरसन या ऑस्ट्रेलियन कवींच्या वादावर त्यांचा कार्यक्रम ठरलाय. पत्रिकेत ‘दोन कवींचा कलगीतुरा’ असं छापायचं होतं. एका सदस्यांनी हरकत घेतली: कलगीतुरा म्हणजे भांडण, त्यापेक्षा ‘काव्यसंवाद’ म्हणा. शिवाय ज्यावरून तो वाद झाला त्या ‘बुश’ला, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या शहराबाहेरच्या मुलखाला, मराठीत काय म्हणायचं, हेही त्यांनी विचारलंय.

माझं मत: कलगीतुराच म्हणा. या शब्दाला भांडणाचा वास लागला तो बातम्यांमुळे. दोन पुढाऱ्यांनी एकमेकांवर तोंडसुख घेतलं की ‘कलगीतुरा रंगला’ छापून येतं. त्यात ना कवन असतं, ना उत्तर. मला हा वापर मनापासून खटकतो.

कलगी आणि तुरा हे पागोट्यावर मिरवायचे अलंकार. शाहिरांच्या दोन परंपरांनी ते आपापली खूण म्हणून घेतले. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एका फडानं भेदिक, म्हणजे कोडं घालणाऱ्या, कवनातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं कवनातच जवाब द्यायचा. कोकणात हा सामना शक्ती-तुरा या नावानं जाखडीच्या नाचासोबत आजही होतो, आणि ठाणे-मुंबईत स्थिरावलेल्या कोकणी मंडळींनी तो इकडेही जिवंत ठेवलाय. व्याकरणही पाहा. ‘कलगीतुरा रंगला’ हे क्रियापद एकवचनी आहे, म्हणजे हा ‘मीठभाकर’सारखा समाहार द्वंद्व. दोन्ही बाजू मिळून एकच खेळ होतो.

आता तो वाद. सिडनीच्या ‘द बुलेटिन’ साप्ताहिकात जुलै 1892 मध्ये लॉसनची कविता आली. कवींनी गायलेला रम्य मुलूख शोधायला आपण देशाच्या आतल्या भागात गेलो आणि तापलेली वाळू, उजाड माळ पाहून परतलो. आता शहरातच बरा, असा तिचा सूर. त्याच महिन्यात पॅटरसननं पद्यातच उत्तर दिलं: तू अवर्षणात गेलास, पाऊस पडून गेल्यावर जायला हवं होतंस. ऑगस्टमध्ये लॉसन उसळला. शहरात बसून गुरं हाकण्याची गाणी लिहिणाऱ्यांना त्यानं धारेवर धरलं, आणि पॅटरसन तर सिडनीत वकिली करणारा. एडवर्ड डायसन, फ्रान्सिस केना असे इतर कवीही मध्ये उतरले. ऑक्टोबरमध्ये पॅटरसननं या सगळ्यांना मिळून एक जवाब दिला.

पुढे 1939 मध्ये पॅटरसननं सांगितलं, की ही कल्पना लॉसनचीच होती. कवितेनं किती जागा व्यापली त्यावर पैसे मिळायचे, तेव्हा एकमेकांविरुद्ध लिहिलं तर दोघांचंही भागेल, असं ठरवून ते उतरले होते. हरकत घेणाऱ्या सदस्यांना मी हीच गोष्ट सांगेन. शक्ती-तुऱ्याचे दोन्ही शाहीर एकाच रात्रीची सुपारी घेऊन समोरासमोर उभे राहतात, म्हणून त्यांचं गाणं खोटं ठरतं का? लॉसनचा कडवटपणा उसना नव्हता. 1892 च्याच सप्टेंबरात ‘बुलेटिन’नं दिलेलं रेल्वेचं तिकीट आणि पाच पौंड घेऊन तो आतल्या भागातल्या बर्क या गावी गेला आणि तिथून पुढे हंगरफोर्डपर्यंत पायी चालला. पॅटरसननंही कबूल केलंय, की लॉसन तो प्रदेश पायी, स्वतःचं अन्न स्वतः शिजवत हिंडला, आपण मात्र घोड्यावरून आणि दुसऱ्यांनी शिजवलेलं जेवत.

एक फरक मात्र आहे. आपल्याकडे शाहिराची बाजू गुरुपरंपरेनं ठरते, या दोघांची ठरली ती जगण्यातून. पण तेवढ्यानं शब्द अडत नाही. ‘काव्यसंवाद’ फार सौम्य आहे. त्यात एकानं दुसऱ्याला खोडून काढल्याचं कुठेच ऐकू येत नाही. ‘जुगलबंदी’ गाण्याबजावण्याला ठीक, तिथे मतभेद नसतो.

‘बुश’साठी ‘जंगल’ नको, ‘खेडं’ही नको. शहराबाहेरचा सगळाच मुलूख, मेंढ्यांची कुरणं, कोरडे माळ, मैलोन्‌मैल दूर असलेली एकेकटी घरं, हे सगळं त्यात येतं. ‘रान’ म्हणा. देशावर ‘रानात गेलाय’ म्हणजे माणूस शेतावर गेलाय, आणि झाडोऱ्यालाही रानच म्हणतात. पत्रिकेवर ‘रानावरून कलगीतुरा’ छापलंत तर दोन्ही प्रश्न एका ओळीत सुटतील.