चार शीटची बेरीज कमी का येते?

तुमचा प्रश्न असा: देवगडच्या बागेतून जाणाऱ्या हापूसच्या पेट्यांसाठी एक्सेलमध्ये फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे अशा चार शीट आहेत. ‘एकूण’ शीटवर =सम(फेब्रुवारी:मे!डी४०) आहे. मार्चपर्यंत आकडा जुळत होता, एप्रिलपासून कमी येतो, पण एरर काही दिसत नाही. शिवाय फक्त वाशीच्या बाजारात गेलेल्या पेट्या चारही शीटवरून समइफने (अटीत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारं सूत्र) काढायला गेलं की व्हॅल्यू एरर येते. (वाचायला सोपं म्हणून सूत्रं देवनागरीत लिहितेय, टाकताना इंग्रजीच टाका.)

मी रत्नागिरीत बागायतदारांचे हिशेब सांभाळते. माझ्या मते घोळ डी४० मध्येच आहे. हे सूत्र प्रत्येक शीटवरचा डी४० उचलतं, तिथे बेरीज आहे की आणखी काही, हे ते बघत नाही. फेब्रुवारीत माल थोडा, ओळी थोड्या. एप्रिलमध्ये गाडीमागून गाडी जाते, मधे ओळी घातल्या जातात आणि बेरजेची ओळ खाली सरकते. मग डी४० मध्ये उरते कुठल्यातरी एका दिवसाची नोंद, आणि महिन्याच्या बेरजेऐवजी तीच धरली जाते. म्हणून बेरीज खाली ठेवूच नका. चारही शीटवर पहिल्या ओळीत, डी१ मध्ये, =सम(डी३:डी५००) लिहा, दुसऱ्या ओळीत मथळे, तिसरीपासून नोंदी. ‘एकूण’वर =सम(फेब्रुवारी:मे!डी१). ओळी कितीही वाढोत, डी१ जागचा हलत नाही.

तरीही तफावत राहिली तर खालच्या टॅबचा क्रम बघा. ‘फेब्रुवारी:मे’ म्हणजे त्या दोन टॅबच्या मधे जे जे आहे ते सगळं, लपवलेली शीटसुद्धा. एप्रिलचा टॅब चुकून मेच्या पलीकडे ओढला गेला तर एप्रिल गुपचूप गळतो. ‘एकूण’ स्वतः मधे आली आणि तिचं सूत्रही डी१ मध्येच असेल तर ते स्वतःलाच मोजू पाहतं, पण तेव्हा निदान एक्सेल इशारा देतं.

तिसरी शक्यता, दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) व्हॉट्सॲपवर येते आणि आपण ती तशीच चिकटवतो. ‘४० पेटी’ असं लिहिलेला सेल एक्सेलला मजकूर वाटतो आणि सम तो वगळतं. =काउंटए(फेब्रुवारी:मे!डी३:डी५००) आणि त्याच सेलवर =काउंट चालवा. पहिलं सगळे भरलेले सेल मोजतं, दुसरं फक्त आकडे. फरक आला तर तेवढे सेल मजकूर आहेत. ते शोधून नुसता आकडा टाका, एकक मथळ्यात लिहा. हे नक्की करा, कारण याच बेरजेवर दलालाशी हिशेब मिटतो, आणि गळलेली पेटी म्हणजे बागायतदाराचे गेलेले पैसे.

फक्त वाशीच्या पेट्या काढताना व्हॅल्यू एरर येते, तिथे तुमची चूक नाही. समइफ ‘फेब्रुवारी:मे’ असा अनेक शीटचा पट्टा स्वीकारतच नाही. प्रत्येक महिन्याच्या शीटवर एच१ मध्ये त्या महिन्याचं समइफ लिहा आणि ‘एकूण’वर =सम(फेब्रुवारी:मे!एच१) करा. इंडिरेक्ट (मजकूर म्हणून लिहिलेल्या शीटच्या नावावरून सेल शोधणारं सूत्र) वापरूनही जमतं, पण त्यात शीटचं नाव बदललं की सूत्र तुटतं. घरातली चार माणसं जी फाइल उघडतात तिथे मी ते सुचवणार नाही.

आणि हीच फाइल मुलाने फोनवर गूगल शीट्समध्ये करून ठेवली असेल, तर तिथे ‘फेब्रुवारी:मे!’ ही पद्धत चालत नाही. तिथे =फेब्रुवारी!डी१+मार्च!डी१+एप्रिल!डी१+मे!डी१ असं सरळ लिहा.