लेथवरची पहिली कीचेन आणि टर्नरचं करिअर : एका विद्यार्थिनीच्या पत्राला उत्तर

प्रश्न : माझी शाळा यंदा संपते आहे. वर्कशॉपच्या तासाला लेथवर, म्हणजे गज फिरवून कातायच्या मशिनवर, पितळेची कीचेन करायला घेतली होती. १६ मिमीचा गज होता. कातताना तो थरथरत होता, अंगावर लाटा उमटल्या आणि शेवटी तोडताना पार्टिंग टूल, म्हणजे तोडायचं पातळ हत्यार, अडकून मोडलं. मला हे काम मनापासून आवडतं, पण घरचे म्हणतात की आता सगळं सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशिनवर) होतं, हाताच्या लेथवर शिकून काय मिळणार? मला या क्षेत्रात टर्नर (लेथवरचा कारागीर) म्हणून जमेल का? आणि कीचेन नीट कशी करायची?

उत्तर : टूल मोडलं यावरून तुला हे काम जमणार नाही असा निष्कर्ष अजिबात काढू नकोस. थरथर, लाटा आणि टूल अडकणं या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: गज चकच्या (गज धरून फिरवणाऱ्या पकडीच्या) बाहेर गरजेपेक्षा लांब काढलेला असतो. टेलस्टॉकचा (गजाच्या मोकळ्या टोकाला टेकू देणाऱ्या भागाचा) आधार नसेल तर गज त्याच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा जास्त बाहेर ठेवायचा नाही. तुझ्या गजासाठी ही मर्यादा ४८ मिमी आहे. म्हणून कीचेनची लांबी या मर्यादेत बसेल अशी आधीच ठरवायची. आधी कीचेन नीट करू, करिअरचं नंतर बोलू. त्याचं निम्मं उत्तर तुला याच कामात सापडेल.

मशिनला हात लावण्याआधी कागदावर ड्रॉइंग काढ. अंग १५ मिमी व्यासाचं आणि २२ मिमी लांब. त्यापुढे रिंग अडकवायला मान, ९ मिमी व्यासाची आणि १० मिमी लांब. मानेत आडवं भोक ४ मिमीचं, मानेच्या टोकापासून भोकाच्या केंद्रापर्यंत अंतर ५ मिमी. एकूण लांबी ३२. त्यात पार्टिंग टूलच्या रुंदीचे ३ मिमी, फेसिंगचा (टोक सपाट कातण्याचा) १ मिमी आणि टूल जॉला (चकच्या जबड्याला) लागू नये म्हणून ८ मिमी मिळवले की ४४ होतात, म्हणजे ४८ च्या आत. गजाचा तुकडा मात्र ८० ते ९० मिमीचा घे, कारण भोक पाडताना धरायला शेपूट लागेल. अशी कीचेन पितळेत सुमारे ३८ ग्रॅम भरते, ॲल्युमिनियममध्ये १२. खिशाला ३८ ग्रॅम जाणवतात, पण शिकायला पितळच चांगलं. त्याची चिप (कातताना निघणारा कीस) तुटक निघते, टूलला चिकटत नाही आणि कुलंट (थंड ठेवणारं द्रव) लागत नाही. ॲल्युमिनियम टूलच्या धारेवर चिकटून बसतं आणि पृष्ठभाग ओरबाडतं, म्हणून त्याला अधूनमधून रॉकेलचा हात लावावा लागतो.

एक गोष्ट लक्षात ठेव. लेथवर सहज कातलं जाणारं पितळ साधारणपणे शिसं मिसळलेलं असतं. काम झाल्यावर, काही खाण्याआधी, हात साबणाने धू. कीचेन लहान मुलाच्या हाती जाणार असेल तर पितळेऐवजी ॲल्युमिनियम घे, कारण लहान मुलं किल्ल्या तोंडात घालतात.

आता स्पीड. सूत्र सोपं आहे: मिनिटाचे फेरे = १००० × कटिंग स्पीड ÷ (३.१४ × व्यास). एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) टूलने पितळ कातताना मिनिटाला ६० मीटर धरले तर १६ मिमीच्या गजाला सुमारे १२०० फेरे येतात. माइल्ड स्टीलला ३० मीटर धरले तर ६००. नवख्या हाताने पितळ ८०० फेऱ्यांवर कातलं तरी काही बिघडत नाही. सूत्रातून आलेला आकडा ही वरची मर्यादा समज.

टूल बसवताना टोक गजाच्या केंद्राच्या उंचीवरच हवं. मशिन बंद असताना टूलचं टोक आणि गज यांच्यामध्ये पातळ स्टील पट्टी अलगद दाब. पट्टी उभी सरळ राहिली तर उंची बरोबर आहे. वरचं टोक तुझ्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर आहे. फेसिंग केल्यावर मधोमध बारीक बोंड उरलं तरी उंची चुकली असंच समजायचं. टूल पोस्टमधून (टूल धरणाऱ्या भागातून) टूलही कमीत कमी बाहेर ठेव. थरथर गजाच्या लांबीमुळे होते तशीच टूलच्या लांबीमुळेही होते.

फेसिंगनंतर अंग कात, पण फक्त २२ मिमी कातून थांबू नकोस. टोकापासून ३६ मिमीपर्यंत कात, म्हणजे मान, अंग आणि पार्टिंगची जागा सगळं त्यात येईल. पहिला कट ०.४ मिमी खोल दे. ०.४ खोल म्हणजे व्यासात ०.८ कमी, हे गणित डोक्यात पक्कं बसायला वेळ लागतो आणि नवख्यांचे बहुतेक जॉब (कातायला घेतलेले तुकडे) इथेच वाया जातात. काही लेथवर क्रॉस स्लाइडचा (टूल गजाकडे आत-बाहेर नेणाऱ्या भागाचा) डायल खोली दाखवतो, काहींवर व्यासातला फरक. आपला कोणता हे आधी एक कट देऊन, मोजून खात्री करून घे. समज, पहिल्या कटनंतर व्हर्नियरवर १५.२४ आलं. हवं आहे १५.००. खोली दाखवणाऱ्या डायलवर ०.१२ पुढे जायचं, व्यास दाखवणाऱ्यावर ०.२४. डायल पुढे गेला आणि मागे आणला, तर नुसता ठरलेल्या रेघेवर आणून भागत नाही, कारण स्क्रूमध्ये ढिलाई असते. अर्धा फेरा मागे घे आणि पुन्हा पुढे येत रेघ गाठ. शेवटचा कट हलका आणि फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) बारीक ठेव, फेऱ्याला ०.०५ मिमीच्या आसपास.

मानेसाठी १५ वरून ९ वर यायचं आहे, म्हणजे ३ मिमी खोली. ०.५ चे सहा कट दे. शेवटच्या कटला खांद्याशी पोहोचलीस की टूल सावकाश बाहेर ओढ, म्हणजे खांदा काटकोनात साफ होतो. मग अंगावर हवे तर १.५ मिमी रुंद, ०.७५ खोल असे दोन खाचे काढ आणि कडांना १ मिमीचा चॅम्फर (तिरकी कड) दे. नर्लिंग (पकडीसाठी दाबून उमटवलेली खडबडीत नक्षी) पहिल्या कीचेनवर करू नकोस. नर्लिंगचं टूल जॉबला बाजूने जोरात दाबतं, त्यासाठी टेलस्टॉकचा सेंटर लावावा लागतो, आणि सुरुवातीचा दाब कमी पडला तर नक्षी दुहेरी उमटते. दुसऱ्या-तिसऱ्या कीचेनवर १०० च्या आसपास फेरे ठेवून, तेल लावून, एका झटक्यात ठाम दाब देऊन करून बघ.

आता भोक. इथे क्रमाचा विचार करावा लागतो. कीचेन तोडून मग भोक पाडायचं म्हटलं तर धरायला फक्त २२ मिमी अंग उरतं आणि त्यावर व्हाइसचे ओरखडे उठतात. म्हणून तोडण्याआधीच गज चकमधून काढ, १६ मिमीची शेपूट वी-ब्लॉकमध्ये (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात) क्लॅम्पने आवळ, मान तेवढी बाहेर ठेव आणि ड्रिल मशिनवर सेंटर पंच मारून भोक पाड. वी-ब्लॉक टेबलाला बोल्टने पक्का असलाच पाहिजे. पितळेत ड्रिल आपणहून आत ओढलं जातं, विशेषतः पलीकडून बाहेर पडताना, आणि हाताने धरलेला जॉब गरकन फिरतो. ड्रिलच्या दोन्ही कटिंग धारांवर पुढच्या बाजूने दगडाने बारीक सपाटी दिली की ही ओढ थांबते. आधी ३ मिमी, मग ४ मिमीचं ड्रिल घे. भोकाच्या दोन्ही तोंडांना काउंटरसिंकने हलकी उतरती कड दे. रिंग गोल असते आणि भोक सरळ, त्यामुळे ९ मिमी जाडीच्या मानेतून जाताना रिंगला जास्तीची जागा लागते. ३ मिमीचं भोक ठेवलं तर तारेची जाडी आणि तिचा बाक मिळून रिंग मध्येच अडकते.

गज परत चकमध्ये धरलास की तो आधीसारखा तंतोतंत केंद्रात येत नाही. थ्री-जॉ चकमध्ये थोडी चूक राहतेच. म्हणूनच सगळं कातकाम आधी उरकून घेतलं. पार्टिंगला ती चूक आड येत नाही.

पार्टिंगला घाई नको. टूल गजाला अगदी काटकोनात, केंद्राच्या उंचीवर आणि कमीत कमी बाहेर हवं. काप चकच्या शक्य तितका जवळ घ्यायचा. फेरे कातकामाच्या निम्मे किंवा तिसरा हिस्सा, म्हणजे तुझ्यासाठी ३०० ते ४००. फीड हाताने पण एकसारखं द्यायचं. घाबरून थांबलीस तर टूल घासतं आणि चरचर सुरू होते, झटका दिलास तर टूल रुतून मोडतं. खोल जात असताना काप जरासा रुंद करून घेतला तर टूलच्या बाजू घासत नाहीत. चरचर थांबत नसेल तर फेरे कमी कर आणि कंपाउंड स्लाइडची (टूल पोस्टखालच्या, कोनात फिरवता येणाऱ्या भागाची) ढिलाई तपास. सुटणारा तुकडा हाताने झेलायचा नाही. भीती वाटत असेल तर मध्ये ४ मिमी उरल्यावर मशिन बंद कर, बेडवर फळी ठेव आणि हॅकसॉने काप. यात कमीपणा काहीच नाही. मागे राहिलेला टोकदार भाग कानशीने साफ कर आणि पॉलिश पेपर मशिनबाहेरच वापर. फिरत्या जॉबवर बोटाभोवती गुंडाळलेला पेपर बोटासकट ओढला जातो.

आणि हे नियम कधीही मोडू नकोस: चक की चकमध्ये सोडायची नाही, गॉगलशिवाय उभं राहायचं नाही, हातमोजे घालायचे नाहीत, केस घट्ट बांधायचे, बोटातली अंगठी काढायची, चिप ब्रशने झाडायची आणि मोजमाप मशिन पूर्ण थांबल्यावरच घ्यायचं. पितळेची चिप सुईसारखी उडते, गॉगल त्यासाठी.

आता तुझा खरा प्रश्न. मला जमेल का? हे एका कीचेनवरून कळत नाही. एकाच ड्रॉइंगवरून तीन कर. प्रत्येकीचा अंगाचा व्यास १५.०० अधिक-उणे ०.०५ आणि लांबी ३२ अधिक-उणे ०.२ धर. माप, लागलेला वेळ आणि काय चुकलं हे वहीत लिही. एक सुंदर कीचेन कौशल्य दाखवते. तीन एकसारख्या आल्या तर तुझ्यात टर्नर आहे, कारण या व्यवसायात पैसे सारखेपणाचे मिळतात. दुसरी गोष्ट म्हणजे माप १४.९० आलं तर तू काय करतेस ते बघ. पुढच्या जॉबला कुठे थांबून मोजायचं हे शोधत बसावंसं वाटलं, तर या कामाची ओढ खरी आहे. मोजणंच नकोसं झालं, तर तेही ऐक. वस्तू घडवण्याची आवड दागिने, लाकूडकाम किंवा डिझाइनमध्येही फुलते.

घरच्यांच्या शंकेत तथ्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. मोठ्या संख्येने लागणारे भाग आज सीएनसीवरच होतात. हाताच्या लेथवर दुरुस्ती, टूलरूम आणि एखाद-दुसऱ्या नगाची कामं उरली आहेत. पण सीएनसी ज्या गोष्टींवर चालतं त्या तू आत्ताच केल्यास. कंट्रोलरमध्ये जी ९६ कोड दिला की मशिन वरचंच सूत्र वापरून व्यास कमी होईल तसे फेरे वाढवतं. फेसिंगला केंद्राजवळ व्यास शून्याकडे जातो आणि फेरे बेसुमार वाढू पाहतात, म्हणून अनेक कंट्रोलरवर जी ५० ने कमाल मर्यादा घालावी लागते. माप १५.०६ आलं तर ऑफसेटमध्ये (मापातली दुरुस्ती भरायच्या रकान्यात) उणे ०.०६ भरायचं, तीच वजाबाकी जी तू डायलवर केलीस. गज किती बाहेर, भोक आधी की पार्टिंग आधी, हे मात्र मशिन ठरवत नाही. ते ठरवणारा माणूस सेटर (मशिन कामासाठी लावून देणारा) होतो, पुढे प्रोग्रामर किंवा प्रोसेस प्लॅनर. फक्त बटण दाबणारा ऑपरेटर राहतो आणि त्याच्या जागी दुसरा आणणं सोपं असतं.

म्हणून हाताचा लेथ पाया म्हणून शीक, मुक्काम म्हणून नव्हे. पहिलं वर्ष हाताचं मशिन, मग सीएनसी टर्निंग, सोबत मोजमापाची उपकरणं. मोजणीत हात बसला तर क्वालिटी तपासणीचीही वाट उघडते. गणितातली त्रिकोणमिती सोडू नकोस. या कीचेनला सरळ मानेऐवजी १० मिमीत १५ वरून ९ वर उतरणारा टेपर द्यायचा असेल तर कंपाउंड स्लाइड १६.७ अंशांवर फिरवावी लागेल, आणि तो कोन टॅनमधूनच येतो: ३ भागिले १०. कामाची दुसरी बाजूही समजून घे. पूर्ण शिफ्ट उभं राहावं लागतं, आवाज असतो, आणि कुलंटमुळे काहींच्या हाताला त्वचेचा त्रास होतो. मुलींना हे काम जड जातं हे मात्र मनातून काढून टाक. जड जॉब उचलायला होइस्ट असतो, आणि मोजमापाला ताकद लागत नाही.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकापेक्षा वर्कशॉप बघून ये. एका लेथमागे किती विद्यार्थी आहेत? टूलला धार स्वतः लावायला शिकवतात का? जॉबसोबत ड्रॉइंग आणि तपासणीचा तक्ता देतात का? सीएनसीवर सेटिंग स्वतः करू देतात, की फक्त लांबून दाखवतात? तिथे शिकणाऱ्या मुलांनी केलेले जॉब आणि व्हर्नियर मागून घे आणि दोन-तीन स्वतः मोजून बघ.