माझी फी भरणाऱ्या अनोळखी माणसाला पत्रात काय लिहू?

प्रश्न: मी अकरावीत आहे, ऐरोलीला राहते. एका संस्थेमार्फत कुणी गृहस्थ माझी फी भरतात. त्यांना दर सहामाहीला पत्र द्यायचं असतं. 'खूप खूप आभार'च्या पुढे काही सुचत नाही. 'पुढे काय व्हायचं आहे' हेही लिहायला सांगितलंय. काय लिहू?

उत्तर:

तुला 'तू' म्हणते, कारण अकरावीत मी नेमकी इथेच अडकले होते. कोपरखैरण्याला महापालिकेच्या शाळेत दहावीपर्यंत फीचा प्रश्न आलाच नाही, तो आला अकरावी सायन्सला. बाबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. त्या वर्षी त्यांची कंबर धरली आणि चार महिने टोळीत नाव असून हजेरी नाही. हजेरी नाही म्हणजे हमाली नाही. शाळेतल्या बाईंनी एका संस्थेचा फॉर्म आणून दिला, आणि पुढची पाच वर्षं माझी फी ठाण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी भरली.

पहिलं पत्र बाईंनी सांगितलं, मी उतरवून घेतलं. 'आदरणीय दाते महोदय, आपण मला देवासमान आहात, आपले ऋण मी सात जन्मांतही फेडू शकणार नाही.' मागाहून संस्थेतल्या ताईंकडून कळलं, त्या वर्षी निम्म्या पत्रांत सात जन्म होते.

त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, चार ओळींचं. देवासमान वगैरेबद्दल अवाक्षर नाही. विचारलं होतं, 'वडील गोणी उचलायला जो हूक वापरतात तो कसा असतो? मी मार्केट आतून कधी पाहिलेलं नाही.' मी बाबांचा हूक वहीच्या पानावर ठेवला आणि पेन्सिलीने भोवती रेघ मारली. लाकडी मूठ, तिच्यावर बाबांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, पुढे लोखंडाचं वाकडं बोट. शेजारी लिहिलं की टोक गोणपाटात अडकवायचं, कांद्यात घुसवायचं नाही, नाहीतर व्यापारी ओरडतो. पन्नास किलोची गोणी पाठीवर कशी बसते, दुपारी बाबा कुठे आडवे होतात, असं लिहिता लिहिता दोन पानं भरली. आभार शेवटच्या ओळीत आले आणि तिथे बरे दिसले.

तेव्हा तूही असंच काहीतरी लिही. घरात अभ्यासाला कुठे बसतेस, कुठला विषय डोक्यावरून जातो, कुठले सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात. (नाव लिहू नकोस म्हणजे झालं.)

खोटं मात्र लिहू नकोस. मी लिहिलं होतं. एफवायला, म्हणजे बीएस्सीच्या पहिल्या वर्षी, केमिस्ट्रीत केटी लागली (विषय राहिला, पुन्हा द्यायचा) आणि मी ठोकून दिलं, 'अभ्यास उत्तम चालू आहे.' मार्कशीटची झेरॉक्स संस्थेकडे जाते, तिथून ती त्यांच्याकडे जाते, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. पोस्टकार्ड आलं: 'केमिस्ट्रीचं काय झालं?' दोन दिवस जेवण गेलं नाही. मग खरं ते लिहिलं, की दहावीपर्यंत मराठी माध्यम, इथे ऑरगॅनिक इंग्रजीतून धाडधाड पुढे जातं, मी वर्गात माना डोलावते. पंधरा दिवसांत संस्थेने एका सीनियर ताईशी गाठ घालून दिली. दर शनिवारी दोन तास. केटी सुटली.

पैशाचंही स्पष्ट लिहावं. बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक कोर्सला जाणार असशील तर चौकशी कर. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारच्या कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला असेल, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुला ते लागू झालं तर आधी संस्थेला कळव. प्रवासाचा पास, पुस्तकं, मेस सुटत नाहीच, तेवढंच माग. माझ्या धाकट्या भावाने आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा काढली, वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. त्याचंही नाव संस्थेच्या यादीत घालायचं चाललं होतं. बाबा स्वतः ऑफिसात जाऊन म्हणाले, ह्याचं राहू द्या, दुसऱ्या कुणाचं घ्या. त्या दिवशी घरी आले ते ताठ चालत, कंबर दुखत असूनसुद्धा.

ऋणाचं म्हणशील तर, १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायचा करार. करार असला की निदान काय देणं लागतो ते कळतं. आपल्याला कुणी कशावर सही करायला लावत नाही, म्हणून आपण घाबरून सात जन्म लिहून मोकळे होतो.

एसवायला असताना संस्थेच्या परवानगीने आम्ही माझी फी भरणाऱ्या त्या काकांच्या घरी गेलो. (स्वतःहून नंबर, पत्ता देऊ नकोस. परस्पर भेटायला कुणी बोलावलं तर आधी संस्थेत सांग, माणूस कितीही चांगला असो.) बाबांनी दहा किलो कांदे घेतले, निवडून, एकसारखे. मी म्हणत होते, बरं दिसत नाही. ट्रान्सहार्बर लोकलच्या मालडब्यातून ठाणे, मग पुलावरून पश्चिमेला, नौपाड्यापर्यंत पायी, पिशवी बाबांच्याच खांद्यावर. काकूंनी दार उघडलं, पिशवी घेतली, एक कांदा हातात दाबून बघितला आणि विचारलं, "हा टिकेल का हो दिवाळीपर्यंत?" बाबा खुलले. जुना कांदा, नवा कांदा, कुठला लासलगावचा, टोपलीत कसा पसरून ठेवायचा, अर्धा तास तेच. पैशाचा विषय कुणी काढला नाही. काकूंनी 'अहो कशाला' म्हणून नोट पुढे केली असती तर बाबा तिथे पुन्हा गेले नसते.

आता 'पुढे काय व्हायचंय'. मी आधी कलेक्टर लिहिलं होतं. सगळेच लिहितात. टीवायला खरं लिहिलं: कॉलेजला ठाण्याला जाताना रबाळ्याच्या आसपास कंपन्या दिसतात, त्यांच्या लॅबमध्ये काय चालतं ते मला आत जाऊन बघायचंय. आज तिथल्याच एका लॅबमध्ये नमुने तपासते आणि एमएस्सीसाठी पैसे साठवते. ही फी माझी मी भरणार, हेही काकांना लिहून टाकलंय. तुला अजून ठरवता येत नसेल तर तसंच लिही, सोळाव्या वर्षी चालतं.

पत्र झालं की पाकिटात घालण्याआधी घरी मोठ्याने वाचून दाखव. माझ्या आईने एक वाक्य खोडायला लावलं होतं, 'आम्ही खूप गरीब आहोत.' म्हणाली, "उत्पन्नाचा दाखला जोडलाय ना फॉर्मला? मग कळलंय त्यांना. त्या जागी तुझा पहिला नंबर आलेला लिही."