कमोडखाली पाणी येतंय? रिंग आणण्याआधी फ्लँज मोजा

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): काका, आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये फ्लश केलं की कमोडच्या बुडाशी पाणी येतं. बरोब्बर खाली, जेवणाच्या खोलीत, छताला पिवळा डाग पडलाय. गेल्या उन्हाळ्यात जुन्या लिनोलियमवर टाइल्स बसवून घेतल्या, त्यानंतरच हे सुरू झालं. एका हँडीमनला बोलावून वॅक्स रिंग बदलून घेतली, पण दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सासरे पुण्याहून आलेत. ते म्हणतात, पांढरं सिमेंट भरून टाका, आमच्याकडे तेच करतात. नवरा म्हणतो, आता आपणच उघडून बघू. बघावं का?

उत्तर: जरूर बघा. दोघं धडधाकट असाल तर एका सकाळचं काम आहे. पण नुसती नवी रिंग आणून बसवू नका, तीही जाईल. खरं दुखणं तुमच्या पत्रातल्या टाइल्सच्या वाक्यात आहे.

अमेरिकेतल्या घरांत कमोडचं तोंड जमिनीत एका गोल कड्यावर येऊन बसतं. तो फ्लँज. तो ड्रेनच्या पाइपाला जोडलेला आणि खालच्या प्लायवूडला स्क्रूंनी आवळलेला असतो. कमोड आणि फ्लँज यांच्यामधली फट मेणाची रिंग बुजवते. कोणी धक्का लावला नाही तर ती वर्षानुवर्षं टिकते. पण मेण एकदा दबलं की पुन्हा वर येत नाही, म्हणून कमोड थोडा जरी डुलला तरी फट पडते. दोन महिन्यांत रिंग गेली म्हणजे एकतर फ्लँज खोल आहे, नाहीतर कमोड डुलतोय. बहुतेक वेळा पहिल्यामुळेच दुसरं होतं.

फ्लँजची वरची कड तयार जमिनीच्या साधारण पाव इंच वर असावी लागते. तुमच्याकडे लिनोलियमवर सिमेंट बोर्ड आलं असेल, त्यावर मसाला, त्यावर टाइल. जमीन अर्धा-पाऊण इंच वर आली आणि फ्लँज होता तिथेच राहिला. साधी रिंग तेवढी खोली भरून काढू शकत नाही. टाइल्स बसवणाऱ्यानं त्याच दिवशी फ्लँज उंच करायला हवा होता. हे काम फार जण टाळतात, आणि त्याचा मला खरोखर राग येतो, कारण छत खराब होतं ते घरमालकाचं.

सासऱ्यांचा अनुभव त्यांच्या जागी बरोबर आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खाली काँक्रीटचा स्लॅब असतो, तो हलत नाही, म्हणून सिमेंटचा सांधा चालून जातो. तुमची जमीन लाकडी तुळयांवर आहे. लाकूड उन्हाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आकसतं, आणि सिमेंटला तडा जातो. त्याहून वाईट म्हणजे, बाहेर दिसणारं पाणी सिमेंटमुळे आत कोंडतं आणि प्लायवूड गुपचूप कुजत जातं. पुढे कधी कमोड काढायची वेळ आली तर तो फोडूनच काढावा लागेल. सासऱ्यांना हे नीट समजावून सांगा.

आता काम. भिंतीजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, फ्लश करा, टाकीत आणि भांड्यात उरलेलं पाणी स्पंजनं टिपून घ्या, पाण्याची नळी सोडवा, बुडाचे दोन्ही नट काढा. कमोड जड असतो. टाकी वेगळी होणारा असेल तर आधी टाकी उतरवा. हलकेच डोलवून मेण सुटू द्या आणि दोघांनी सरळ वर उचला. पाइपाच्या तोंडात लगेच जुना टॉवेल कोंबा. तिथून गटाराचा वायू येतो, शिवाय हातातला नट आत पडला तर पंचाईत. टॉवेलचं एक टोक बाहेर राहू द्या.

जुनी रिंग खरवडण्याआधी तिच्याकडे नीट बघा. जिथे कमोड टेकला होता तिथलं मेण चपटं आणि पसरलेलं दिसेल. एखाद्या बाजूला ते गोलसर, दुकानातून आणलं तसंच राहिलं असेल तर तिथे कमोड पोचलाच नव्हता. तुमचं पाणी तिथूनच येत होतं.

मग हातमोजे घालून मेण साफ करा. एक सरळ पट्टी टाइल्सवर आडवी धरा आणि तिच्यापासून फ्लँजच्या कडेपर्यंतची खोली मोजा. फ्लँज जमिनीच्या खाली असेल तर तेवढ्या जाडीच्या एक्स्टेंडर रिंगा हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, पाव इंची, अर्धा इंची. प्रत्येक थराखाली सिलिकॉन लावा आणि स्टेनलेस स्टीलचे लांब स्क्रू पार प्लायवूडपर्यंत जाऊ द्या. बोल्टही लांब घ्या, आणि पितळीच घ्या. खिशात लोहचुंबक ठेवा. बोल्ट चिकटला तर तो वरून पितळेचा मुलामा दिलेला लोखंडी आहे, गंजणार. एकावर एक दोन मेणाच्या रिंगा ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दोन मेणांमधला सांधा सरकतो.

स्क्रू धरत नसेल, किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक प्लायवूडमध्ये सहज रुतत असेल, तर तिथेच थांबा. लाकूड कुजलंय, आधी ते बदलायला हवं. घर जुनं असून फ्लँज बिडाचा आणि शिशानं जोडलेला निघाला तर परवानाधारक प्लंबर बोलवा. बिडाच्या फ्लँजचा फक्त कान, म्हणजे बोल्ट धरून ठेवणारा कडेचा भाग, तुटला असेल तर वरून स्टीलची दुरुस्ती-रिंग बसते, ती मात्र घरी जमते.

बसवताना रिंग खोलीच्या तापमानाची हवी. थंड गॅरेजमधली कडक रिंग वापरू नका. टॉवेल काढायला विसरू नका. बोल्टांवर नेम धरून कमोड सरळ खाली आणा. एकदा टेकला की उचलायचा नाही. उचललात तर नवी रिंग. वर बसून अंगाच्या वजनानं दाबा, नट थोडे थोडे आलटून पालटून आवळा. जोर केलात तर चिनीमाती तडकेल. डुलत असेल तर प्लॅस्टिकच्या पाचरी घाला, नटानं खेचून सरळ करू नका. सांध्यात सिलिकॉन भरताना मी मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी सोडतो. पुन्हा गळलं तर पाणी तिथून बाहेर दिसतं, छतावर उतरायची वाट बघावी लागत नाही.

छताचा डाग इतक्यात रंगवू नका. एका फ्लशला जवळपास सहा लिटर पाणी जातं. काही दिवस रोजच्या वापरात डागाची कड पेन्सिलनं आखून ठेवा. ती ओलांडली गेली नाही तर मग रंग लावा.

प्रश्न (मिसिसागा, कॅनडा): आमच्याकडे फक्त जुलै-ऑगस्टमध्ये कमोडभोवती पाणी साचतं. रिंग बदलावी का?

उत्तर: एवढ्यात नको. टाकीच्या बाहेरून हात फिरवा. ओला झाला तर दमट हवेतली वाफ थंड टाकीवर जमून खाली ओघळतेय. खात्री करायची तर टाकीत खायचा रंग घाला, भोवती पांढरा टिश्यू पसरा आणि तीन-चारदा फ्लश करा. टिश्यू रंगला तर गळती, नुसता भिजला तर घाम. घामच असेल तर आतून फोमचं अस्तर लावता येतं, आणि आंघोळीनंतर पंखा थोडा जास्त वेळ चालू ठेवा.