नकाशावर जवळ, तिकिटावर लांब!

प्रश्न: दोन आडबाजूच्या छोट्या विमानतळांमधलं अंतर ३०० किमीच दिसतं, मग तिकिटावर सव्वा तास कसा काय?

उत्तर: अहो, ३०० किमी ही सरळ हवाई रेषा झाली, आणि छोट्या धावपट्टीवर बहुतेकदा जेट नसतं, एटीआरसारखं पंख्याचं विमान येतं, ते ताशी ५०० किमीच्या आसपास जातं म्हणजे ३६ मिनिटं तिथेच गेली, वर चढता-उतरताना वेग कमी, समोरून वारा असला तर अजून उशीर, शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून परत थांबेपर्यंतची असते. उलटी गंमत बघायचीय? स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे बेटावरून शेजारच्या पापा वेस्ट्रे बेटावर विमानाने जायचं, २.७ किमी, दोन मिनिटांत उतरलात पण! सीटचा पट्टा सोडायलाच जास्त वेळ लागत असेल.