नागपुरात चौकात नाटक केलं तर बघणारे त्यात उतरतात का?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या ग्रुपला मोकळ्या जागेवर असं नाटक करायचंय ज्याचा शेवट प्रेक्षकच ठरवतील, पण आपल्याकडचे लोक पुढे येतील का. येतात. मी नागपूरच्या वस्त्यांमध्ये अशी नाटकं करतो आणि लोकांच्या लाजण्यामुळे प्रयोग अडला असं मला वाटत नाही. अडतो तो बसवणाऱ्यांनी उत्तर आधीच ठरवून ठेवलेलं असतं म्हणून. व्यसनमुक्तीचं नाटक करून 'आता तुम्ही सांगा, दारू चांगली की वाईट?' असं विचारलं, तर कोण कशाला उठेल?

या प्रकाराला फोरम थिएटर म्हणतात. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात तो घडवला. आधी त्यांच्याकडे प्रेक्षक उपाय सुचवायचे आणि नट तो करून दाखवायचे. पेरूमध्ये एका बाईला नटीचं काम काही केल्या पटेना. मला असं म्हणायचंच नव्हतं, म्हणाली. शेवटी बोआल यांनी तिलाच वर बोलावलं. तेव्हापासून नियम झाला : सांगू नका, येऊन करून दाखवा.

आमचं एक नाटक धुणीभांडी करणाऱ्या बाईचं आहे. सासू आजारी म्हणून सुट्टी घेतली, मॅडमनं पैसे कापले, ही गप्प बसली. इथे नाटक थांबतं. एकदा बुद्धविहारासमोरच्या पटांगणात एक म्हातारी बसल्या जागेवरून ओरडली, "असं नाही म्हणत बाई!" सूत्रधार म्हणाला, "मग या ना आजी, दाखवा." पदर खोचला, नटीच्या हातातलं फडकं घेतलं आणि विचारलं, "तुमच्या हापिसात सुट्टी घेतली तं तुमचा पगार कापतेत का?" टाळ्या पडल्या. पण मॅडम झालेली मुलगी तयारीची होती. "उद्यापासून येऊ नको," म्हणाली. सगळे चूप. तेवढ्यात दुसरी एक बाई उठून आजीच्या बाजूला उभी राहिली : "हे नाही येणार तं मीबी नाही येणार. पाहा मंग." ही ओळ आमच्यातल्या कुणालाच सुचली नसती.

म्हणून ग्रुपमधला सगळ्यात चांगला नट मॅडमच्या, सावकाराच्या, ठेकेदाराच्या भूमिकेत घाला. त्यानं पटकन माघार घ्यायची नाही. प्रेक्षकानं जागा घ्यायची ती फक्त अन्याय सोसणाऱ्याची. कुणी मॅडम होऊन दयाळूपणे पैसे देऊन टाकले, तर सूत्रधारानं हसत विचारावं, "अशी मॅडम पाहिली का कोणी?" उत्तर लोकच देतात.

आणि आपल्या गावाला हे परकं समजू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे वाईटाला गावाबाहेर काढणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा महाल-इतवारीत नट कोण आणि बघणारा कोण हे सांगता येतं का? काळी आणि पिवळी मारबत १८८०च्या दशकापासून निघतेय. महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत ज्याचा राग असेल त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, लोक स्वतः बनवतात आणि 'घेऊन जा गे मारबत' अख्खा रस्ता ओरडतो. पूर्व विदर्भातलं खडी गंमत हे लोकनाट्यही लोकांच्या गराड्यातच रंगतं. मला तर वाटतं, पडदा लावून रंगमंचावर करायचं नाटकच आपण उशिरा शिकलो.

जागेचं म्हणाल तर फुटाळा तलावावर करू नका. तिथे लोक फिरायला आलेले असतात आणि गाड्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. वस्तीतलं पटांगण घ्या, गोल करा, पोरांना पुढे बसवा, माइक टाळा. माइक आला की लोक भाषण द्यायला लागतात. नाटक वीसेक मिनिटांचं ठेवा, कारण खरा वेळ त्यानंतर लागतो. हिवाळ्याची संध्याकाळ उत्तम, पण वस्तीत नळ कधी येतो ते आधी विचारा. त्या वेळेला बाया येणार नाहीत, आणि तुम्हाला त्याच हव्या आहेत. जवळच्या पोलीस ठाण्यात आधीच लेखी अर्ज द्या आणि पोच घेतलेली प्रत प्रयोगाच्या दिवशी सोबत ठेवा.