खानापुरात पार्लर उघडणाऱ्या मुलीस

शहापूर, बेळगाव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

गाळा ठरला, आरसे बसले, आणि स्ट्रेटनिंगचं सामान आणायचं की नाही यावर घरात दोन पक्ष पडलेत, असं लिहिलंस. गाळ्याचं वाचून ऊर भरून आला. पाटीचं तेवढं आधी बघून घे. पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा कर्नाटकाचा २०२४ चा कायदा आहे. नंतर उतरवून पुन्हा रंगवायला लागली तर उगाच खर्च.

सामानाचं सांगते, पण त्याआधी खुर्चीत येऊन बसणाऱ्या बाईबद्दल.

कुरळ्या, राठ, दाट केसांची बाई पार्लरात येते ती आधीच भरपूर बोलणी खाऊन आलेली असते. लहानपणी आईनं वैतागून विंचरलेलं असतं, शाळेत बाईंनी ‘तेल थापून दोन वेण्या घालून ये’ म्हणून सुनावलेलं असतं, सासरी ‘केस बांध आधी, ताटात येतात’ हे ऐकलेलं असतं. एवढं सोसून ती स्वतःसाठी चार पैसे खर्चायला येते, आणि आपल्यातलीच कुणी तिची बट दोन बोटांत धरून म्हणते, ‘फारच खराब झालेत हो, ट्रीटमेंट घ्यावी लागेल.’ हे वाक्य तुझ्या दुकानात ऐकू येता कामा नये. कितीतरी ठिकाणी नव्या मुलींना हेच पहिलं शिकवतात, कारण घाबरलेली बाई जास्त पैसे सोडते. मला ते कधी पटलं नाही. आरशात त्या क्षणी बाईची मान कशी खाली जाते ते एकदा बघ, तुलाही पटणार नाही.

त्यापेक्षा विचार. न्हायला पाणी नळाचं की बोअरचं? केस विंचरता ते ओले असताना की वाळल्यावर? सकाळी घर किती वाजता सोडता? वर्षभरात डोक्याला काय काय लावलं? मेहंदी लावत असाल तर पाकीट कुठलं? या उत्तरांतच निम्मं काम असतं. अंधारातच उठून डबे भरून जांबोटीहून बस पकडणाऱ्या अंगणवाडीच्या बाईला लेयर कापून दिलेस, तर पुढच्या बटा अंबाड्यात राहणार नाहीत, दिवसभर तोंडावर येतील. दुकानात ती छान दिसेल आणि घरी जाऊन तुला शिव्या घालील. तिला खाली सरळ किंवा यू कट, आणि सगळे केस एका पिनेत बसतील एवढी लांबी. रेल्वेनं बेळगावला कॉलेजला जाणाऱ्या मुलीचं गणित वेगळं.

‘थोडेच कापा’ म्हणणाऱ्या बाईला तिच्याच केसांवर बोट ठेवून दाखवायला लाव. तिचं थोडं आणि तुझं थोडं यांत चार बोटांचा फरक असतो. कन्नड बोलणाऱ्या बायका येतील, त्यांच्याशी कन्नडात बोल, तुला येतंच. पण भाषा कुठलीही असो, बोट ठेवून घ्यायचंच. आणि कुरळे केस शक्यतो कोरडे असताना काप. ओला कुरळा केस ताणलेला असतो. खांद्याला टेकला म्हणून तिथं कात्री चालवलीस, तर वाळल्यावर हनुवटीपर्यंत चढतो. एकेक बट जशी पडते तशीच हातात घ्यायची, ओढायची नाही. वेळ लागतो. लागू दे. मागं कुणी थांबलं असेल तर चहा सांग.

गुंता सोडवताना टोकापासून वर ये, मुळापासून खाली नको. कंडिशनर लावून, मोठ्या दाताच्या फणीनं, ओल्यातच. वाळलेल्या कुरळ्या केसांत ब्रश फिरवला की ते पिंजून निघतात, मग तेच केस दाखवून ट्रीटमेंट विकता येते, हे तुला ठाऊक आहे. घरी पंचानं घासून पुसू नका, जुन्या सुती ओढणीत गुंडाळा, एवढं प्रत्येकीला सांग. याचे पैसे मिळत नाहीत, पण त्या सांगण्यावर बाई परत येते.

पाण्याचं आणि पावसाचं आपल्या भागात फार महत्त्व आहे. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तू बघत मोठी झालीस. दमट हवेतलं पाणी केस शोषतो आणि ब्लो ड्रायनं बसवलेला आकार मोडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बस स्टँडवर उभ्या राहणाऱ्या बाईला ब्लो ड्राय घेऊ नका असं तूच सांग. उलट अथणी-रायबागकडं लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरी आल्या की ‘माझे केस असे दोरीसारखे कधीच नव्हते’ म्हणून रडकुंडीला येतात. त्यांना आधी पाण्याचं विचार. बोअरच्या जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात, साबणाचा चोथा होतो, फेस येत नाही म्हणून त्या शाम्पू आणखी ओततात. शेवटचं एक तांब्या पाणी पिण्याचं, गाळलेलं घ्यायला सांग. पंधरवड्यात फरक दिसायला लागतो.

आता स्ट्रेटनिंग. कुरळेपणा येतो तो मुळाच्या आकारातून आणि केसातल्या गंधकाच्या बंधांतून. रिबाँडिंगच्या क्रीममधलं थायोग्लायकोलेट हे बंध तोडतं, इस्त्रीनं केस सरळ करायचे, मग पेरॉक्साइडनं बंध त्या सरळ अवस्थेत पुन्हा जोडायचे. मुळं तीच राहतात. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे सहा महिन्यांनी वरची सहा-सात सेंटिमीटर कुरळी आणि खाली काठीसारखी. मग पुन्हा करा, पुन्हा पैसे. बाईला हे आधी सांगितलं आणि तरी तिला हवं असेल तर तिचा निर्णय. न सांगता करणं मात्र बरोबर नाही.

केस सरळ, मऊ करायला ‘केरॅटिन’ म्हणून जे विकतात त्याचं मला जास्त भय वाटतं. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत फॉर्मल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारं द्रव्य असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत घातलं आहे. ‘फॉर्मल्डिहाइड फ्री’ लिहिलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस, त्यांतल्या काहींत ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. २०२४ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या मुलीची हकीकत छापली. ते आम्ल असलेलं स्ट्रेटनिंग तिनं जेव्हा जेव्हा केलं, तेव्हा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. असलं काही लावून इस्त्री फिरवली की धूर निघतो. गिऱ्हाईक तो धूर वर्षातून एकदा-दोनदा घेईल. तू तुझ्या खिडकी नसलेल्या गाळ्यात रोज घेशील. म्हणून माझं मत विचारशील तर पहिल्या वर्षी हे सामान आणूच नको. ते पैसे एक्झॉस्ट फॅनला आणि चांगल्या कात्रीला घाल. घरच्यांना माझं नाव सांग.

काळ्या मेहंदीच्या पाकिटांवर लक्ष ठेव. नाव मेहंदीचं असलं तरी आत बहुतेक वेळा पीपीडी नावाचा रंग असतो, आणि त्याची ॲलर्जी आली की डोळे बंद होईपर्यंत तोंड सुजतं. रंग लावायच्या आधी कानामागं थेंबभर लावून ४८ तास थांबायचं. ‘उद्या हळदी आहे, आजच लावा’ म्हणणारी येईलच. तिला नको म्हण.

नको म्हणणं जड जातं ते मुलीला घेऊन आलेल्या आईपुढं. दाखवायचा कार्यक्रम ठरलेला असतो, मुलाकडच्यांनी फोटो बघून ‘केस जरा असे आहेत’ म्हटलेलं असतं, आणि आई हातात पैसे घेऊन उभी. बोलते सगळं आई, मुलगी मोबाईलकडं बघत बसते. अशा वेळी खुर्ची फिरवून मुलीला विचार, तिच्या डोळ्यांत बघून, ‘तुला काय हवंय?’ आईला राग येईल. येऊ दे. हात आवरण्याची परंपरा केशकर्तनाच्या धंद्यात जुनी आहे. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. रोजची मिळकत सोडून त्यांनी वस्तरा खाली ठेवला. त्यापुढं एका स्ट्रेटनिंगचे पैसे काय मोठे.

केस गळतात म्हणून येणाऱ्यांत बाळंतिणी खूप असतील. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि बहुतेकींचे आपोआप परत येतात. त्यांना स्पा विकू नकोस, धीर दे. दिवसाला ५० ते १०० केस गळणं तसंही नेहमीचं. गोल चाई दिसली, टाळूवर पू-खवले दिसले, तर थेट डॉक्टरकडं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण आपल्या भागात बसलीस म्हणजे आज ना उद्या दारात येणारच. जट. बाई बहुधा डोक्यावरून पदर घेऊन, दुकान बंद व्हायच्या वेळी येईल. आजारपणात किंवा बाळंतपणात महिनाभर विंचरलं गेलं नाही, कोंडा, तेल, उवा, घाम यांनी केस एकमेकांत अडकले, आणि कुणीतरी म्हणालं की यल्लम्मा आली. मग फणी बंद, पाणी बंद, हळद लावून पूजा सुरू. कापली तर घरातला माणूस जाईल, गुरं मरतील, ही भीती घातलेली. सौंदत्तीच्या डोंगराची ओढ आपल्या सगळ्या घरांत आहे, माझ्याही आहे. पण याच जटेच्या नावानं कोवळ्या पोरी देवदासी म्हणून देवीला सोडल्या गेल्या. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा १९३४ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकानं १९८२ चा कायदा केला. जटेचं ओझं मात्र अजून काही बायकांच्या मानेवर आहे.

तिला देव मानू नको असं शिकवायला जाऊ नकोस. तिच्याशी बस. मान दुखते का, झोप लागते का, आत खाजतं का, एवढंच विचार. बहुतेकींना कापायची असते, कुणीतरी हो म्हणावं एवढंच हवं असतं. तिच्या घरातलं एक मोठं माणूस बरोबर असू दे. जट बहुधा सुटत नाही, कापावीच लागते. मुळाशी इंचभर केस सोडून, जाड कात्रीनं, थोडी थोडी. टाळूला कात्री टेकवू नको, आत जखमा असतात. मग कोमट पाण्यानं धू, आणि जखमा असतील तर दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरकडं पाठव. कापलेली जट तिला मलप्रभेत सोडायची असेल किंवा डोंगरावर न्यायची असेल, तर कापडात बांधून तिच्या हातात दे. पैसे घेऊ नकोस. आणि त्यानंतर निदान दोन महिने तिला बोलावत राहा, कारण त्या दिवसांत घरात कुणाला नुसता ताप आला तरी बोट तिच्याकडंच जाणार. तेव्हा तिच्या बाजूनं बोलणारं गावात कुणीतरी हवं. अशी बाई आली की मला फोन कर. बेळगावहून खानापूर तासाभराचं, मी बसनं येते. पहिल्या वेळी कात्री मी धरते, तू तिचा हात धरून बस.

तुझी,
काकू